मशीनला लावलेला कौल

ही गोष्ट खरी आहे.

पटत नसेल तर रत्नागिरीत मिऱ्यावर या आणि आमच्या मैनावहिनीला भेटा. ती चहा देईल, घावणे देईल, आणि विचारलंत तर सगळं सांगेल. माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगेल.

मी स्वतः भुताखेतांतला माणूस नाही. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोक बिघडलेली मशीनं आणतात आणि म्हणतात, "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं." मी त्यांना रोज सांगतो, आपोआप काही होत नसतं.

फक्त एकदा झालं होतं...

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणतात. ही भर दुपारची आहे. साल अठ्ठ्याऐंशी, सर्वपित्री अमावास्या. बाहेर लख्ख ऊन होतं आणि घरात आम्ही चौघं जागे होतो. त्यामुळे स्वप्न पडलं असेल, डोळा लागला असेल, असलं काही मला सांगू नका.

माझा मोठा भाऊ महिपतदादा मालवाहू बोटीवर होता. बाकीचे खलाशी सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर आणायचे, साड्या आणायचे, सेंटच्या बाटल्या आणायचे. आमचा दादा कॉम्प्युटर आणत होता.

एकदम नाही, तुकड्यातुकड्यानं. एका खेपेला पत्र्याची पेटी आणली. एका खेपेला कीबोर्ड. एकदा हिरव्या अक्षरांचा मॉनिटर, स्वतःच्या दोन चादरींत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं.

आप्पा म्हणजे आमचे वडील. ते म्हणायचे, "लोकांचे झील सोनां आणतात, आमचा भंगार आणतो."

दादा नुसता हसायचा. त्याचं सगळं ठरलेलं होतं. मी पॉलिटेक्निकला शिकत होतो. मी मशीन जोडायचं, ओटीवर मुलांना शिकवायचं, पाटी लावायची. "एकदा हा चालू झाला की मी बोट सोडली," तो म्हणायचा.

मैनावहिनी हे वाक्य ऐकायची तेव्हा हातातलं काम थांबवायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती. नवरा घरात राहिला होता तो सगळा धरून वर्षभरही नसेल.

शेवटच्या सुट्टीत दादानं राहिलेल्या दोन वस्तू आणल्या. एक हार्ड डिस्क आणि एक फ्लॉपी.

आजच्या पोरांना फ्लॉपी माहीत नाही. पातळ, काळी, चौकोनी पाकिटासारखी असायची. तिला एक लांबट भोक असायचं आणि त्यातून आतली तपकिरी पट्टी दिसायची. सगळी विद्या त्या पट्टीवर. नवीन कॉम्प्युटर म्हणजे नुसतं शरीर. त्यात डॉस नावाचा प्रोग्रॅम घातला की त्याला जीव यायचा. तो डॉस दादाच्या त्या एका फ्लॉपीवर होता. तो हार्ड डिस्कवर चढवला की झालं.

आमच्याकडे नवी वस्तू आली की तिला कुंकू लागतंच. होडी असो, सायकल असो नाहीतर मिक्सर. दादानं सगळे तुकडे पाटावर मांडले आणि म्हणाला, "मैने, तूच लाव. तुझ्यासाठीच हाय ह्यां."

वहिनीनं हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मी अंगणात नारळ फोडत होतो.

मग दादानं कीबोर्ड मांडीवर घेतला आणि सिंगापूरच्या दुकानदाराची नक्कल करून दाखवली. "हा चालू झाला ना, की पहिली तारीख विचारतो. मग वेळ विचारतो. दुकानदार काय सांगतच नाय! एंटर दाबतो, परत एंटर दाबतो, चालला पुढं." त्यानं तर्जनीनं ते मोठं बटण जोरात हाणलं.

खट्... खट्.

मग त्याला नादच लागला. जाता-येता कीबोर्डशी थांबायचा आणि दोनदा हाणायचा. आई ओरडायची, "अरे, फोडशील तां!" वहिनी स्वयंपाकघरातून ओळखायची, हे ओटीवर आले.

निघताना मला म्हणाला, "मी येईन तेव्हा हा चालू झालेला पायजे हां, लवू."

तो आला नाही.

भर पावसाळ्यात त्याची बोट वादळात सापडली. एक शेवटचा निरोप आला आणि मग काही नाही. शोध झाला. बोट बुडाली असं कंपनीनं कळवलं. कुणी सापडलं नाही. नेमकी कुठल्या दिवशी बुडाली, तेही कुणाला सांगता येईना.

वहिनीनं मशीनच्या तुकड्यांवर चादर घातली आणि स्वतःच्या कपाळाला कुंकू लावत राहिली. वर्ष गेलं. चादर कुणी उचलली नाही, मीही नाही.

दुसऱ्या वर्षीच्या पितृपक्षात आप्पांनी विषय काढला. ज्यांच्या मृत्यूची तिथी ठाऊक नसते त्यांचं म्हाळ, म्हणजे श्राद्ध, सर्वपित्रीला घालतात. आप्पा खाली बघून म्हणाले, "महिपतचां पान वाढूया आता. वर्ष झालां. भुकेला असंल तो."

वहिनी दारात उभी होती. "आणि जित्या माणसाचां मेलेल्याबरोबर पान वाढलां तर, आप्पा?"

खरंच, काय करायचं? मेला असेल आणि पान वाढलं नाही, तर पोरगा उपाशी. जिवंत असेल आणि पान वाढलं, तर आपणच त्याला मारल्यासारखं. घरात ह्या एका प्रश्नावर कुणाला घास गिळवेना.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळीच वहिनी ग्रामदेवीला गेली, कौल लावायला.

कौल म्हणजे देवाला विचारणं. गुरव देवीच्या ओल्या मूर्तीला उजव्या आणि डाव्या बाजूला फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. प्रश्न विचारायचा आणि बसून राहायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्याकडे लग्नं ह्यावर ठरतात, विहिरी ह्यावर खणतात. मी पॉलिटेक्निकचा शहाणा, मला हसू यायचं. त्या दिवशी नाही आलं.

केरू गुरवानं गाऱ्हाणं घातलं. सगळे बसले.

पाकळी पडेना.

उजवी नाही... डावीही नाही.

ऊन देवळाच्या पायरीवरून खाली उतरलं. पाकळ्या सुकल्या, कडेनं काळ्या पडल्या, तरी चिकटून राहिल्या. शेवटी केरूमामानं हात जोडले. "मैने, देवी बोलत नाय. असां मी कधी बघितलां नाय. तू घरी जा."

वहिनी घरी आली ती थेट ओटीवर. तिनं चादर ओढली आणि पत्र्याच्या पेटीपुढं निरांजन ठेवलं.

"भावजी, ह्यो जोडा."

"आता? वहिनी, मी—"

तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ती पेटीपुढं हात जोडून मोठ्यानं बोलली, देवळात बोलतात तशी. "उद्या पान वाढायच्या आत ह्यो चालू झाला, तर ते हायत. उजवा कौल. नाय चालू झाला, तर नायत. मग मी आप्पांचां ऐकन."

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "मैने! ह्यां काय केलंस गो? कौल देवाला लावायचा. तिथं ऐकणारा कोण तां आपल्याला ठाऊक असतां. ह्या डब्याला लावलास... आता कोण ऐकल?"

वहिनी म्हणाली, "कुणीपण ऐकू दे. पण कुणीतरी बोलू दे, आई."

आप्पा झोपाळ्यावर होते. त्यांनी पायानं झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "लवू, जोड."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. माझ्या भावाचा जीव माझ्या स्क्रूड्रायव्हरवर लटकला.

जोडायला दुपार झाली. बटण दाबलं. पंखा घुर्र करून फिरला, पडदा हिरवा झाला, आणि इंग्रजीत ओळ उमटली. ही डिस्क चालत नाही. दुसरी घाला आणि कुठलंही बटण दाबा.

बटण दाबलं. तीच ओळ.

केबल काढली, साफ केली, परत लावली. तीच ओळ. आतले बारके स्विच पुस्तकात बघून बदलले. तर पडदाच काळा पडला आणि पेटी किंचाळायला लागली. परत होते तसे केले. परत तीच ओळ.

वहिनी दारातून विचारायची, "झालां?" मी मान हलवायचो. थोड्या वेळानं परत. "झालां?"

मी पाणी प्यायला आत गेलो. वहिनी आणि आई दोघी चुलीपाशी होत्या. आप्पा बागेत केळीची पानं कापत होते.

परत आलो तर पडदा भरलेला...

तीच ओळ, एकाखाली एक, वरपासून खालपर्यंत. मी गेलो तेव्हा एकच होती. बटण दाबल्याशिवाय नवी ओळ येत नाही.

मी गेल्यापासून कुणीतरी बटणं दाबत होतं.

मी स्वतःला समजावलं. बटण अडकलं असेल. गंज असेल. मी कीबोर्ड उचलला.

एंटरचं बटण ओलं होतं.

बोट लावून जिभेला लावलं. खारट... मिऱ्यावर सगळंच खारट असतं, खिडकीचे गजसुद्धा. मी बटण शर्टाला पुसलं आणि कामाला लागलो. आणखी काय करणार होतो?

उन्हं कलली तेव्हा सहज म्हणून फ्लॉपी काढून खिडकीशी धरली.

त्या लांबट भोकात, नेमकं तपकिरी पट्टीवर, बोटाएवढा लाल डाग होता. कुंकवाचा. तेलकट, वाळलेला. शेजारी पिवळा हळदीचा.

"वहिनी," मी हाक मारली, "ह्याला कुंकू..."

ती आली, बघितलं, आणि तिला कळलं. ती शिकलेली नव्हती, पण माझ्या तोंडाकडं बघून कळलं. "मीच लावलां," ती म्हणाली. "ह्यांनीच सांगितलां, लाव म्हणून. भोक दिसलां तिथंच लावलां, देवाच्या कपाळाला लावतात तसां."

ती मटकन खाली बसली. नवऱ्यासाठी लावलेलं कुंकूच आडवं आलं होतं. मला तिच्याकडं बघवेना.

आईच्या देवघरातला कापूस घेतला, कोलनवॉटर घेतलं, डाग पुसायला गेलो. कुंकू निघालं, पण त्याच्याबरोबर तपकिरी पट्टीही खरवडून निघाली. खालचं पांढुरकं दिसायला लागलं.

संपलं. फ्लॉपी मेली.

मी सायकल काढली आणि गावात सुटलो. सगळ्या रत्नागिरीत मला ठाऊक असलेले कॉम्प्युटर दोन. एक ऑफिसात, आणि त्या दिवशी रविवार. दुसरा ज्याच्याकडे होता तो म्हाळासाठी हेदवीला गेलेला, किल्ली त्याच्या खिशात. मुंबईच्या मित्राला ट्रंककॉल लावला. तो म्हणाला, फ्लॉपी पाठवतो, परवापर्यंत मिळेल.

परवा!

घरी आलो तर आप्पा ओटीवर केळीची पानं पुसत बसले होते. वहिनीनं विचारलं, "किती पानां कापलीत?" आप्पांनी पुढचं पान पुसायला घेतलं. मी रागारागानं मशीनच्या आतली केबल उपटली आणि तशीच लोंबत टाकली. जेवलो नाही.

सकाळी उठून ओटीवर आलो.

केबल लावलेली होती...

नीट, घट्ट. केबलची लाल कड जिथं यायला हवी त्याच बाजूला.

"आप्पा, तुम्ही हात लावलात?"

"मी कशाला लावीन त्या भंगाराला?"

आईनं नाही. वहिनीनं नाही. वहिनी फक्त म्हणाली, "रात्रभर डिझेलचा वास येत व्हता. तुम्हाला नाय आला?"

मला आला होता. मी बोललो नव्हतो.

सकाळभर मी वेड्यासारखा झटलो. खरवडलेली फ्लॉपी परत परत घातली. जणू माझी कीव येऊन ती चालणार होती. ग्रामदेवीला मनात नवस बोललो, ज्या कौलाला मी हसायचो त्याच देवीला. आतून वडे तळल्याचा वास यायला लागला. अळूची भाजी, भोपळ्याची भाजी, खीर. सगळं दादाच्या आवडीचं. तो वास पुढं सरकत होता आणि माझं काही होत नव्हतं.

आणि मग लाईट गेली.

पंखा थांबला. पडदा विझला. मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि मला रडू आलं. मोठा बाप्या मी, आईसमोर हुंदके देऊन रडलो.

वहिनी आली आणि मशीनमधली फ्लॉपी स्वतः काढून घेतली. पदरात धरली. "पुरे झालां, भावजी," ती म्हणाली. "डावा कौल. आप्पा, पान वाढा."

आप्पांनी पान वाढलं. अंगणाच्या कडेला जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत आहे, त्यावर नेऊन ठेवलं. हात जोडले. "महिपत... ये बाबा. जेव."

आम्ही ओटीवरून बघत राहिलो. कावळा येईना.

सर्वपित्रीला मिऱ्यावर कावळ्यांचा नुसता कालवा असतो. त्या दिवशी एक कावळा नाही. माडावर नाही, विजेच्या तारेवर नाही. शेजारच्या गडग्यावरची पानंही तशीच.

आप्पांनी परत हाक मारली. "ये रे..."

मग मला जाणवलं, काहीतरी कमी आहे.

आमच्या घरात जन्मापासून एक आवाज असतो, लाटांचा. इतका असतो की ऐकूच येत नाही.

तो थांबला होता.

समुद्र समोर दिसत होता. लाटा येत होत्या, फुटत होत्या. आवाज नव्हता...

आईनं माझं मनगट धरलं. तिलाही कळलं होतं.

आणि त्या शांततेत, आमच्या पाठीमागं... घुर्र.

मशीनचा पंखा.

मी वळलो. लाईट नव्हती. वरचा दिवा बंद होता, भिंतीवरचा पंखा बंद होता. पण पेटी चालू होती. हार्ड डिस्क कर्र... कर्र... करत फिरत होती. ज्या डिस्कवर मी एक अक्षरही चढवू शकलो नव्हतो, ती वाचली जात होती. फ्लॉपी वहिनीच्या पदरात होती. मी पाहिली. तिच्या मुठीत होती.

पडदा हिरवा झाला.

पहिली ओळ आली. एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. त्या मशीनला घड्याळ नव्हतं, त्याला एवढीच तारीख माहीत. खाली प्रश्न आला. आजची तारीख सांगा.

कर्सर लुकलुकत राहिला.

खुर्ची रिकामी होती.

एंटरचं बटण खाली गेलं...

खट्.

वेळ सांगा, पडद्यानं विचारलं.

खट्.

दोनदा. जोरात. तर्जनीनं हाणल्यासारखं.

आणि डॉस सुरू झाला. सी हे अक्षर, त्यापुढं बाण, त्यापुढं लुकलुकता कर्सर. ज्याच्यासाठी मी कालपासून मरत होतो तेच.

आईनं हंबरडा फोडला, पण आनंदाचा. "चालू झाला! मैने, चालू झाला गो! हाय माझा महिपत, हाय!"

आप्पांना तर काय करावं सुचेना. "उजवा कौल! उजवा!" म्हणत ते म्हातारे आप्पा अनवाणी अंगणात धावले, गडग्यावरचं पान उचलायला. जित्या पोराचं पान वाढलं होतं ना. मी पण हसत होतो. लाईट नाही, फ्लॉपी नाही, खुर्चीत कुणी नाही, आणि मी हसत होतो. त्या क्षणी मला फक्त एवढंच कळत होतं, की दादा जिवंत आहे.

मग मी वहिनीकडं पाहिलं.

ती हसत नव्हती. खुर्चीकडं बघत होती.

खुर्चीच्या वेताच्या बैठकीतून पाणी ठिबकत होतं. थेंब... थेंब... खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर डबकं झालं होतं. खुर्चीपर्यंत आलेलं एकही पाऊल नव्हतं.

वहिनी पुढं झाली. नवरा दमून आल्यावर बायको बोलते तसं हळू बोलली.

"तुम्ही कशाला आलात?"

कीबोर्ड गप्प होता. कर्सर लुकलुकत होता.

"मी रडन म्हणून आलात? मी कौल लावला म्हणून?" तिचा आवाज फाटला. "जिते असतात तर इथं कसे आले असतात हो..."

माझं हसू तोंडातच मेलं.

तिचं खरं होतं. जिवंत माणूस परमुलखातून मिऱ्यावर येऊन बटण दाबू शकत नाही. मशीन चालू झालं म्हणजे तो आहे, असा कौल होता. पण मशीन चालू करायला तोच आला होता. आणि तो येऊ शकला, म्हणजे तो नव्हता.

तिला वाईट वाटू नये म्हणून आला. आणि त्याच्या येण्यानंच तिला कळलं.

वहिनी दारात गेली. आप्पांनी पान दोन्ही हातांत उचललेलं होतं. ती म्हणाली, "आप्पा, पान ठेवा. उचलू नका. ते भुकेले हायत."

आप्पा तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पान परत गडग्यावर ठेवलं आणि तिथंच दगडाला टेकून बसले.

वहिनीनं पदरानं कपाळ पुसलं. कुणी सांगितलं नाही, कुणी हात लावला नाही. स्वतः पुसलं.

त्याच क्षणी कावळा आला. एकच. थेट पानावर उतरला आणि खिरीत चोच घातली.

समुद्राचा आवाज परत सुरू झाला.

मागं वळून बघितलं तर पडदा काळा होता. पंखा थांबलेला. लाईट संध्याकाळी आली.

ते मशीन पुन्हा कधी चालू झालं नाही. पुढं दुकान टाकल्यावर मी ती हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला लावून तपासली. कोरी होती. तिच्यावर कधी काही लिहिलंच गेलं नव्हतं. एंटरचं बटण उचलून बघितलं, तर खाली मिठाचा पांढरा थर. मी तो साफ केला. पुढच्या पावसाळ्यात पाहिलं तर परत होता. मी आता बघत नाही. मशीन माळ्यावर टाकलंय, त्याच जुन्या चादरीत.

आई-आप्पा गेले. वहिनी सत्तरीला आलीय. ती दरवर्षी सर्वपित्रीला दादाचं पान वाढते, कावळा दरवर्षी येतो. ती शांत असते. तिची एकच तक्रार आहे.

"त्या मशीननं तारीख विचारली व्हती, भावजी. सरळ विचारली व्हती. ह्यांनी सांगितली नाय. आपली सवय... दोनदा दाबलां न् पुढं गेले. एवढी तारीख सांगितली असती तर त्यांच्या तिथीला वेगळां पान वाढलां असतां. दरसाल सगळ्यांच्या पंगतीत बसवावां लागतां."

इतकी वर्षं ती नुसतं बोलायची. ह्या वर्षी तिनं मला माळ्यावरून मशीन खाली काढायला सांगितलं.

मी म्हणालो, "वहिनी, त्याची केबल कुजली. आतलं सगळं गंजलं. तो आता लाईटवर चालायचा नाही."

ती निरांजनाच्या वाती वळत होती. वर न बघता म्हणाली, "तेव्हा तरी लाईट कुठं व्हती?"

सर्वपित्री जवळ आलीय. मशीन मी अजून खाली काढलेलं नाही. पण काल दुपारी ती ओटीवर खुर्ची पुसत होती, आणि घरात डिझेलचा वास येत होता...